दोन आणि तीनच्या मध्ये

माझ्या रोजच्या औषधांत रक्तदाबाची गोळी आहे, हृदयाचे ठोके आवरणारी आहे, कोलेस्टेरॉलची आहे. या तिन्हींचा डोस डॉक्टरांनी एकदा ठरवून दिला आणि तो तसाच चालू आहे. चौथी गोळी वेगळी. असिनोकुमारॉल तिचं नाव, रक्तात गुठळी होऊ न देणारी. ती रात्री आठला घ्यायची, आणि किती घ्यायची ते रक्ताचा रिपोर्ट ठरवतो. कधी रोज दोन मिलिग्रॅम, कधी एक दिवस दोन आणि एक दिवस तीन, कधी एखाद्या रात्री अजिबात नाही. स्ट्रोक होऊन अशी गोळी सुरू झाली की लोक घाबरतात. माझे जुने विद्यार्थी, बरोबरीच्या शिक्षिका, त्यांच्या घरचे फोन करून विचारतात. फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगते ते एकदा सलग लिहावं म्हणून हे.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मला स्ट्रोक झाला. गोव्यात फोंड्याहून दुर्भाटला जायच्या वाटेवर आमचं घर. संध्याकाळी सोप्यावर बसून आबोलीची फाती करत होते. केळीच्या सोपटाच्या धाग्याला गाठ मारताना उजव्या हाताची चिमूट सुटली आणि फुलं मांडीवर पडली. सुनेला हाक मारायला गेले तर तोंडातून नुसता आवाज आला, शब्द नाही. ती बाहेर आली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा हात आपोआप खाली आला. तिने आधी घड्याळ बघितलं आणि मग 108 ला फोन लावला. मला सगळं समजत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

शेजारचे जमले. कोणी साखरपाणी द्या म्हणालं. कोणाला तरी ठाऊक होतं की अशा वेळी ॲस्पिरिन देतात, ते गोळी घेऊन आले. सुनेने तोंडात काहीही घालू दिलं नाही. तिचं बरोबर होतं, हे मला नंतर डॉक्टरांकडून समजलं. एक म्हणजे स्ट्रोकमध्ये गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, पाणी श्वासनलिकेत जातं. दुसरं म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे घरात बसून कोणालाच सांगता येत नाही. फुटलेली असेल तर ॲस्पिरिनने नुकसानच होतं. छातीत दुखलं तर ॲस्पिरिन द्यायची, हे लोकांच्या मनात पक्कं बसलंय. स्ट्रोकला तो नियम लावू नका. आधी स्कॅन.

बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, बांबोळी. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पोचल्यावर पहिला प्रश्न आला तो कोकणीत: "कितलीं वरां जालीं?" किती तास झाले? सून म्हणाली, पावणेसहाला सुरू झालं, साडेपाचला चहा दिला तेव्हा नीट बोलत होत्या. या एका उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. 1995 साली अमेरिकेतल्या चाचणीने ते तीन तासांपर्यंत उपयोगी ठरतं हे दाखवलं, आणि 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. पण मुदत साडेचार तास आहे म्हणून सवड आहे असं समजू नये. रक्तवाहिनी तुंबल्यावर दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा हिशेब तज्ज्ञांनी मांडला आहे. रात्री झोपताना बरा होता आणि सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, अशा माणसाचं घड्याळ तो शेवटचा बरा दिसला तिथपासून धरतात. म्हणून वेळ बघून ठेवणं हेच घरच्यांचं पहिलं काम.

बोटातून साखर तपासली, कारण साखर खूप उतरली तरी माणूस असाच दिसतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. माझा रक्तदाब फार चढलेला होता. 185/110 च्या खाली आल्याशिवाय ते औषध देत नाहीत, म्हणून आधी शिरेतून औषध देऊन तो उतरवला. मग तरुण डॉक्टरांनी यांना समोर बसवून सांगितलं की या औषधाने तीन महिन्यांनंतर स्वतःच्या पायांवर, फारसं अपंगत्व न उरता उभं राहण्याची शक्यता वाढते. पण त्या मूळच्या चाचणीत शंभरातल्या सुमारे सहा जणांना मेंदूत रक्तस्राव झाला होता, तो धोका मान्य करून सही करा. आमचे हे शांत माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, तुमच्या आईला दिलं असतं का? डॉक्टर हो म्हणाले आणि सही झाली.

औषध अल्टेप्लेज. वजनाच्या दर किलोला 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90. माझं वजन 60, म्हणजे 54 मिलिग्रॅम. त्यातला दहावा भाग एका मिनिटात शिरेत सोडला आणि उरलेला पंपावर तासभर चालला. गुठळी ज्या तंतूंच्या जाळीने धरून ठेवलेली असते ती जाळी तोडणारं द्रव्य आपल्याच रक्तात झोपलेलं असतं; हे औषध त्याला जागं करतं. आता टेनेक्टेप्लेज नावाचं औषध बऱ्याच ठिकाणी वापरतात. ते पंपावर लावावं लागत नाही, एकाच टोच्यात देऊन होतं. रुग्णाला एका इस्पितळातून दुसरीकडे हलवायचं असेल तर केवढी सोय.

तो पंप मला आजही दिसतो. हिरवे आकडे, आणि थेंब दिसत नसतानाही पुढे सरकणारी सिरिंज. दर पंधरा मिनिटांनी परिचारिका रक्तदाब घ्यायची आणि सांगायची, बाई, बोट दाबा. बराच वेळ दाबताच येत नव्हतं. पंप संपत आला तेव्हा तिने पुन्हा बोट पुढे केलं आणि ती म्हणाली, दाबलंत! मला काहीच जाणवलं नव्हतं, तिला जाणवलं होतं. नंतरचे चोवीस तास ना ॲस्पिरिन, ना दुसरं कुठलं रक्त न गोठू देणारं औषध. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन, रक्तस्राव नाही हे बघून मगच गोळी. त्याआधी चमच्याने पाणी पाजून मी नीट गिळते का, खोकला येतो का, ते तपासलं. ते चमचाभर पाणी!

हात लवकर सुटला. बोलणं हळूहळू आलं. वस्तूंची नावं सगळ्यांत शेवटी.

मग शोध सुरू झाला गुठळी आली कुठून याचा. मानेतल्या रक्तवाहिन्या बऱ्या होत्या. मॉनिटरवर ठोके मात्र वेडेवाकडे पडत होते. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरत राहतात. नंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली तेव्हा खरं कारण दिसलं. डाव्या बाजूची झडप, मायट्रल व्हॉल्व्ह, जाड होऊन आखडली होती. हृदयविकारतज्ज्ञांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. मी अकरा-बारा वर्षांची असताना. आधी घसा दुखला, मग गुडघा, तो बरा झाला की मनगट. संधिवाताचा ताप, रुमॅटिक फीव्हर. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतर शरीर आपल्याच सांध्यांवर आणि झडपांवर हल्ला करतं. सांधे बरे होतात, झडप वर्षानुवर्षं आखडत जाते. असा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यायचं असतं, म्हणजे ताप उलटत नाही आणि झडप वाचते. शाळेत इतकी वर्षं काढली, गुडघा सुजला म्हणून घरी बसलेली मुलं बघितली. घसा दुखून गेल्यावर मुलाचे सांधे एकामागून एक सुजत असतील तर त्याला वाढीचं दुखणं म्हणून सोडू नका. हृदय तपासून घ्या.

आमच्याकडे खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घातलेली, शेती आहे, म्हणून झडपेचं काम मला चटकन समजलं. बांधातलं मानस, म्हणजे पाणी सोडायचं दार, नीट उघडलं नाही तर आतल्या बाजूला पाणी तुंबतं आणि कोपऱ्यात शेवाळ धरतं. आखडलेल्या झडपेमागे, थरथरणाऱ्या कप्प्यात, रक्ताचं तेच होतं. कोपऱ्यात गुठळी धरते, सुटते आणि सरळ मेंदूत जाते.

औषधांचा फरक इथे येतो, आणि फोन करणाऱ्यांचा सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच असतो. मेंदूच्या किंवा मानेच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर बसून स्ट्रोक झाला असेल तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या प्लेटलेटवर, म्हणजे रक्तातल्या एकमेकींना चिकटणाऱ्या बारीक पेशींवर, काम करणाऱ्या गोळ्या देतात. लहान स्ट्रोक असेल तर या दोन्ही सुरुवातीचे साधारण तीन आठवडे एकत्र, मग एकच. हृदयातून आलेल्या गुठळीला त्या पुरत नाहीत. अनियमित ठोक्यांच्या रुग्णांत ॲस्पिरिनने स्ट्रोकचा धोका जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी होतो, माझ्या गोळीच्या, म्हणजे वॉर्फरिनच्या, जातीच्या औषधाने सुमारे दोन तृतीयांशाने. दोघांनाही स्ट्रोकच, पण गोळ्या निरनिराळ्या. म्हणून कोणाची चिठ्ठी बघून कोणी औषध घेऊ नये.

वाड्यावरच्या एका काकांनाही अनियमित ठोके आहेत. त्यांना एपिक्सॅबॅन दिलं, सकाळ-संध्याकाळ एक गोळी, दर महिन्याला रक्त तपासायला नको, पालेभाजीचा विचार नको. माझ्या मुलाने साहजिकच विचारलं, आईला हे का नाही? डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं. या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत माझ्यासारखी आखडलेली मायट्रल झडप असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. मग खास त्यांच्यासाठी 24 देशांत साडेचार हजारांच्या आसपास रुग्णांवर चाचणी झाली, नाव इन्व्हिक्टस. 2022 मध्ये निकाल आला. नव्या गोळ्यांपैकी रिव्हारोक्सॅबॅन एका गटाला आणि जुनी, माझ्या गोळीच्या जातीची व्हिटॅमिन के-विरोधी गोळी दुसऱ्या गटाला. जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही जास्त झाला नाही. सोयीची म्हणून नवी गोळी मागणाऱ्या प्रत्येक रुमॅटिक रुग्णाला मी हे सांगते.

स्ट्रोकनंतर लगेच ही गोळी दिली नाही. मेंदूचा दुखावलेला भाग काही दिवस नाजूक असतो, तिथे रक्त झिरपू शकतं. तोवर ॲस्पिरिन, मग असिनोकुमारॉल. यकृत रक्त गोठवणारे काही घटक व्हिटॅमिन के वापरून बनवतं. ही गोळी ते व्हिटॅमिन पुन्हा वापरू देत नाही. आधी बनलेले घटक संपायला काही दिवस लागतात, त्यामुळे आजच्या डोसचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. तो मोजायचा आकडा म्हणजे आयएनआर. औषध न घेणाऱ्याचा साधारण एक. माझा दोन आणि तीनच्या मध्ये राहायला हवा. दोनच्या खाली गुठळीची भीती, तीनच्या वर जसजसा चढेल तसतशी रक्तस्रावाची.

सुरुवातीला वरचेवर रक्त द्यावं लागलं, आता महिन्यातून एकदा. सकाळी फोंड्याच्या तिस्काजवळ रक्त देते, दुपारी रिपोर्ट येतो, तो डॉक्टरांना पाठवते, संध्याकाळपर्यंत डोस समजतो. गोळी रात्री ठेवण्याचं कारणच हे, म्हणजे डोस बदलायचा झाला तर त्याच दिवशी बदलता येतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येक तारखेला मी त्या रात्रीचा डोस लिहिते आणि गोळी घेतली की खूण करते. एखाद्या रात्री राहिलीच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही मिळून घ्यायच्या नाहीत.

मुलाने फोनवर कुठेतरी वाचलं की हे उंदीर मारायचं औषध आहे, आणि दोन दिवस घरात तोच विषय. गोष्ट खरी आहे, पण पुरी सांगायला हवी. 1920 च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात बुरशी लागलेलं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत. विस्कॉन्सिनला कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्यातलं द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याच जातीचं वॉर्फरिन 1948 मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं, 1954 पासून माणसांना देऊ लागले आणि 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिलं गेलं. माझी गोळी त्याच कुळातली. मात्रा मोजता येते, म्हणूनच ते औषध झालं.

खाण्याचं मात्र सविस्तर सांगते. पहिला पावसाळा आला आणि घरात नेहमीप्रमाणे हिरवा पाला सुरू झाला. आधी तायकिळो, मग अळू, श्रावणात तांबडी भाजी, गोकुळाष्टमीला शेवग्याचा पाला. आयएनआर 1.4 वर उतरला. पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर, गोळी ज्याला अडवते तेच आपण ताटातून वाढवतो. मी म्हटलं, मग बंदच करते. डॉक्टर म्हणाले, बंद अजिबात करू नका. बंद केलीत तर आयएनआर वर जाईल, आणि एखाद्या सणाला खाल्लीत की पुन्हा कोसळेल. वर्षभर सारखी खा, डोस आम्ही त्या हिशेबाने बसवू. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, वाटीभर, बारा महिने. गोकुळाष्टमीचा शेवगा त्या दोन वाट्यांपैकी एक. चवथीच्या खतखत्याची काही अडचण नाही, त्यात बहुतेक कंद आणि शेंगा. मासळी, नारळ, पेज, सगळं चालतं. फेणीबद्दल पुरुषमंडळी हमखास विचारतात. दारूने आयएनआर हलतो, तोल जाऊन डोकं आपटण्याची भीती वेगळीच. मी सरळ नको म्हणून सांगते. काढे आणि झाडपाल्याची औषधंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आकडा वर गेल्याचाही अनुभव घेतला. तापात काही दिवस जेवण जात नव्हतं, त्यात अँटिबायोटिक चालू होतं. आयएनआर 5.2. कुठून रक्त येत नव्हतं, म्हणून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन वगैरे काही दिलं नाही. दोन रात्री गोळी थांबवून पुन्हा तपासलं आणि डोस उतरवला. बऱ्याच अँटिबायोटिकांनी हा आकडा चढतो, जुलाबावर सर्रास मिळणाऱ्या मेट्रोनिडॅझोलने तर खूपच. बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलनेही. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतल्यास पोटातून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मला पॅरासिटामॉलच, तेही रोज नाही. फार्मसीत गेले की आधी या गोळीची माहिती लिहिलेलं माझं कार्ड काउंटरवर ठेवते आणि मग काय हवं ते सांगते. हिरड्यांतून रक्त, काळ्या रंगाची शौच, लालसर लघवी, न लागता उठलेला मोठा काळानिळा डाग दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी सरळ इस्पितळात.

दाढ काढायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आठवडाभर गोळी बंद ठेव. दंतवैद्यांनी आदल्या दिवशीचा आयएनआर मागवला. तो 2.4 होता. गोळी न थांबवता दाढ काढली, टाका घातला, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या पाण्याने हलकेच चूळ धरायला सांगितलं. रक्त थांबायला थोडा जास्त वेळ लागला, एवढंच. गोळी बंद ठेवून गुठळी झाली असती तर ती दाढेपुरती राहिली नसती.

मी या आकड्याच्या एवढी मागे का लागते, ते शेवटी सांगते. ज्या इंजेक्शनने माझी वाचा परत आणली ते मला पुन्हा सहसा मिळणार नाही. आयएनआर 1.7 च्या वर असेल तर गुठळी विरघळवणारं औषध देत नाहीत, रक्तस्रावाचा धोका फार वाढतो. माझा तर दोनच्या वरच असायला हवा. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढता येते, तो मार्ग उरतो, पण प्रत्येक गुठळी तशी काढता येण्याजोगी नसते. पुढेमागे फुग्याने झडप रुंद करायचा विचार आहे, त्यानंतरही ही गोळी सुटणार नाही असं हृदयविकारतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलंय.

म्हणून माझं कार्ड पर्समध्ये असतं आणि त्याची दुसरी प्रत फ्रिजवर. नाव, झडपेचा आजार, गोळीचं नाव आणि सध्याचा डोस, शेवटचा आयएनआर तारखेसह. सुनेने घरात सगळ्यांना, दहावीतल्या नातवालासुद्धा, पाठ करून घेतलंय की 108 वाल्यांना आणि कॅज्युअल्टीत न विचारता तीन गोष्टी सांगायच्या: आजी शेवटची नीट कधी दिसली, ती असिनोकुमारॉल घेते, आणि काल रात्री आठची गोळी घेतली होती की नाही, ते कालनिर्णय बघून.